उष्णतेने विषाणू मरतो, पण किती वेळात? एका पेपरची उलटतपासणी



या वेळी वाचायला घेतलेला पेपर लहान आहे, सोप्या भाषेत आहे आणि त्यातले प्रयोग नीट केलेले आहेत. तरीही मला त्याच्यावर टीका करायची आहे. प्रयोगांवर नाही, तर प्रयोगांनंतर लिहिलेल्या एका वाक्यावर. पेट किंवा नेटची तयारी करताना आपण 'मेथड्स' पाठ करतो, पण लोकांच्या हातात पडतं ते 'डिस्कशन'मधलं वाक्य. आणि त्या वाक्याचं पुढे काय होतं हे आपण २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या गल्लीत पाहिलं आहे.

पेपर २०११ चा. 'अ‍ॅडव्हान्सेस इन व्हायरॉलॉजी' या नियतकालिकात आलेला. लेखक हाँगकाँगचे के. एच. चॅन, मलिक पेइरिस आणि सहकारी. २००३ मध्ये सार्सचा विषाणू शोधणाऱ्यांपैकी हा एक गट, म्हणजे माणसं अजिबात ऐरीगैरी नाहीत. विषय: तापमान आणि सापेक्ष आर्द्रतेचा सार्स कोरोनाविषाणूच्या टिकाऊपणावर होणारा परिणाम.

पेपरमध्ये काय आहे

त्यांनी विषाणू असलेल्या द्रवाचे छोटे थेंब प्लास्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर वाळवले. मग ते वेगवेगळ्या तापमानात आणि आर्द्रतेत ठेवले आणि ठरावीक वेळाने किती विषाणू अजून पेशींना संसर्ग करू शकतात ते मोजलं.

निष्कर्ष दोन. २२ ते २५ अंश सेल्सिअस आणि ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे एसी लावलेल्या खोलीसारखी हवा असेल, तर वाळलेला विषाणू पाच दिवसांहून जास्त टिकला. तापमान ३८ अंश आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर नेली, तर तो झपाट्याने निकामी झाला. ३ लॉगपेक्षा जास्त घट.

इथे नवीन वाचणाऱ्यांसाठी एक थांबा. '३ लॉग घट' म्हणजे हजारातला एक उरला. ऐकायला '९९.९ टक्के मेले' असं जबरदस्त वाटतं. पण सुरुवातीला एक कोटी असतील तर ३ लॉगनंतरही दहा हजार शिल्लक असतात. म्हणून लॉगमधला आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: सुरुवात कितीने केली होती? लॅबमध्ये आपण भरपूर विषाणू घेऊन सुरू करतो, कारण नाहीतर घट मोजताच येत नाही. ते चुकीचं नाही. पण २०२० मध्ये इमॅन्युएल गोल्डमन यांनी 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये हाच मुद्दा मांडला होता: पृष्ठभागांवरच्या अनेक प्रयोगांत ठेवलेलं विषाणूंचं प्रमाण एखाद्याच्या शिंकेतून खुर्चीवर पडणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त होतं. तेव्हा 'पाच दिवस टिकला' हे वाक्यही सुरुवातीच्या आकड्यावर उभं असतं.

इथपर्यंत पेपरशी माझं भांडण नाही. भांडण पुढच्या उडीशी आहे. लेखक म्हणतात की मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड अशा उष्ण आणि दमट देशांत सार्सची मोठी साथ का आली नाही, याचं स्पष्टीकरणही यातून मिळू शकेल. 'मिळू शकेल' असं सावध क्रियापद आहे, मान्य. पण प्लास्टिकच्या तबकडीवरून तीन देशांवर जाण्यासाठी एक क्रियापद पुरत नाही.

३८ अंश आणि ९५ टक्के, ही हवा कुठली?

मी अंबरनाथला राहते, म्हणून आधी आपल्या पट्ट्यातच बघू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावं समुद्रापासून आत आहेत. खारं वारं मुंबईला जेवढं लवकर थंड करतं तेवढं आपल्याला करत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण तेव्हा हवा कोरडी असते. उलट जुलैत आर्द्रता नव्वदच्या घरात जाते, पण तापमान पंचवीस-सत्तावीसच्या आसपास उतरलेलं असतं.

म्हणजे आपल्याकडे उष्णता आणि सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा एकमेकींना पाठ दाखवून उभ्या असतात. एक वर गेली की दुसरी खाली. त्यात गूढ काही नाही: हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून तेवढ्याच बाष्पाची टक्केवारी घटते.

आता ३८ अंश आणि ९५ टक्के एकत्र घेऊन बघा. अशा हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण ३७ अंश दाखवेल. शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की हे आर्द्र-बल्ब तापमान ३५ च्या वर काही तास राहिलं तर धडधाकट माणूससुद्धा घाम गाळून शरीर थंड ठेवू शकत नाही. म्हणजे ज्या हवेत तबकडीवरचा विषाणू झपाट्याने मेला, त्या हवेत तुम्ही-आम्हीही फार वेळ जगणार नाही. बँकॉक किंवा क्वालालंपूर काही तसं राहत नाही. तिथे माणसं राहतात.

लेखकांनी टोकाची स्थिती निवडली यात गैर काही नाही. परिणामाची दिशा दाखवायला टोकं उपयोगी पडतात. पण टोकाला दिसलेला परिणाम मधल्या रोजच्या हवेवर चिकटवायचा असेल, तर मधली हवा मोजायला हवी. पेपर वाचताना ही सवय लावून घ्या: प्रयोगातली स्थिती आपल्या गावात वर्षातून किती तास असते? उत्तर 'शून्य' आलं तर डिस्कशन सावकाश वाचायचं.

देशांची यादी उलटी करून बघा

दुसरी कसोटी अजून सोपी आहे. एखादं स्पष्टीकरण 'अमुक ठिकाणी साथ का आली नाही' हे सांगत असेल, तर त्याला विचारायचं: मग तमुक ठिकाणी का आली नाही?

जागतिक आरोग्य संघटनेची २००३ च्या सार्सची अंतिम यादी अशी आहे. हाँगकाँग १७५५ रुग्ण, सिंगापूर २३८, व्हिएतनाम ६३. थायलंड ९, मलेशिया ५, इंडोनेशिया २, भारत ३. उष्ण देशांत कमी, असं वाटतं खरं. पण याच यादीत दक्षिण कोरिया ३, ब्रिटन ४, आणि जपानमध्ये एकही नाही. हे थंड देश. कॅनडात मात्र २५१.

उष्णतेने थायलंडला वाचवलं म्हणायचं, तर जपानला कोणी वाचवलं? आणि विषुववृत्ताला खेटून असलेल्या सिंगापूरला उष्णता का पावली नाही? लेखकांकडे सिंगापूरसाठी उत्तर आहे: तिथे सगळीकडे एसी आहे. असेल. पण थायलंडच्या रुग्णालयांत आणि मॉलमध्ये एसी नव्हते का? अपवादापुरतं वेगळं उत्तर काढलं की कुठलाही सिद्धांत कधीच हरत नाही, आणि जो हरू शकत नाही तो आपल्या कामाचा नाही.

खरं कारण बरंचसं माहीत आहे. २१ फेब्रुवारी २००३ ला ग्वांगडाँगहून आलेला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. त्या हॉटेलातल्या पाहुण्यांबरोबर विषाणू हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला गेला. कोणाचं विमान कुठे उतरलं, तिथल्या रुग्णालयाने पहिला रुग्ण किती लवकर ओळखला आणि वेगळा ठेवला, यावर आकडे ठरले. टोरांटोत फेब्रुवारी-मार्चची थंडी आणि सिंगापूरचा उकाडा, दोन्हीकडे साथ जवळपास सारखीच. या यादीतून तापमानाचा धडा काढणं म्हणजे एकाच लोकलमधून उतरलेल्या माणसांच्या पत्त्यांवरून हवामानाचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

शिवाय २०१२ मध्ये मर्स आला, तो सौदी अरेबियातून. वाळवंटातला श्वसनविषाणू, तोही कोरोनाच. त्यावरचा २०१३ चा व्हॅन डोरेमालेन यांचा प्रयोग सांगतो की २० अंश आणि ४० टक्क्यांना तो पृष्ठभागावर ४८ तास टिकला, ३० अंश आणि ८० टक्क्यांना ८ तास. म्हणजे तबकडीत मर्सलाही उष्णता सोसत नाही. तरी तो उष्ण प्रदेशात उंटांकडून माणसांत येत राहिला आणि रुग्णालयांत पसरला. तबकडीतलं तथ्य खरं आहे, प्रदेशातलंही खरं आहे, आणि दोन्हींमध्ये भांडण नाही. का नाही, हे पुढच्या भागात.

मूळ मुद्दा: मधे किती वेळ जातो?

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून वही काढा.

विषाणू एका शरीरातून निघतो आणि दुसऱ्यात पोचतो. मधला काळ तो बाहेर असतो. तापमानाचा हात चालतो तो फक्त या मधल्या काळात. तेव्हा तापमान किती महत्त्वाचं, हे त्या मधल्या वेळेच्या लांबीवर ठरतं.

आकडे घालू. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या, पुन्हा व्हॅन डोरेमालेन यांच्याच प्रयोगात कोविडच्या विषाणूचं हवेतल्या सूक्ष्म थेंबांमधलं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे निकामी व्हायला लागणारा वेळ, साधारण १.१ तास होता. स्टीलवर ५.६ तास. तापमान २१ ते २३ अंश. आता उदारपणे धरू की आपल्या उन्हाळ्याने हा वेग थेट दहापट वाढवला. (हे माझं गृहीतक, मोजमाप नव्हे.)

पहिली गोष्ट, सकाळची बदलापूर लोकल. दारात तुमच्या तोंडासमोर दुसऱ्याचं तोंड, मधे वीतभर अंतर. त्याने सोडलेला श्वास तुमच्या नाकाशी यायला दहा सेकंद धरू. अर्धायुष्य १.१ तास असेल तर दहा सेकंदांनंतर ९९.८ टक्के विषाणू शाबूत असतात. उन्हाळ्याने दहापट वेगाने मारले, तर ९८.३ टक्के. बस. एवढाच फरक. उन्हाळा पूर्ण ताकदीने कामाला लावला आणि शंभरातला दीड विषाणू कमी झाला.

दुसरी गोष्ट, त्याच डब्यातला स्टीलचा दांडा. सकाळी कोणी खोकलेल्या हाताने धरला, सहा तासांनी तुम्ही धरला. थंड हवेत ४८ टक्के उरले असते. दहापट वेगाने मेले तर ०.०६ टक्के, म्हणजे दहा हजारांत सहा. इथे उन्हाळ्याने खरंच मैदान मारलं.

तर तोच विषाणू, तेच तापमान, तोच डबा. एका मार्गात तापमान जवळपास बिनकामाचं, दुसऱ्यात निर्णायक. चॅन यांच्या पेपरने दुसऱ्या प्रकारचा मार्ग मोजला, वाळलेला थेंब, तासांचा आणि दिवसांचा हिशेब, आणि निष्कर्ष काढला साथीबद्दल, जी बहुतेक करून पहिल्या मार्गाने, जवळच्या श्वासातून पसरते. गंमत अशी की अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या पहिल्याच वाक्यात ते सार्स प्रामुख्याने श्वसनातल्या थेंबांतून पसरत असल्याचं मानतात. म्हणजे मोजलं एक आणि समजावलं दुसरं.

माझ्या या हिशेबातही एक कच्चा दुवा आहे, तो तुम्ही पकडायला हवा. मी अर्धायुष्य स्थिर धरलं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२२ च्या प्रयोगांत हवेत तरंगणाऱ्या थेंबांमधली कोविड विषाणूची संसर्गक्षमता पहिल्या काही मिनिटांतच बरीच घसरली आणि वीस मिनिटांत साधारण दहावा हिस्सा उरला. पण त्यांनी त्याचं कारण थेंब वाळणं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने आम्लता बदलणं असं दिलं आहे. बाहेर अंबरनाथला ४१ अंश आहेत की २१, यावर ते फारसं अवलंबून नाही. जवळचा श्वास धोक्याचा आणि लांबचा कमी, हा निष्कर्ष उलट त्यातून पक्काच होतो.

प्रसार मोजायचा तर प्रसारच मोजा

टीका करणाऱ्याने चांगला नमुनाही दाखवावा. २००७ मध्ये अ‍ॅनिस लोवेन, पीटर पालेसे आणि सहकाऱ्यांनी गिनीपिग घेतले. फ्लू झालेले एका पिंजऱ्यात, निरोगी शेजारच्या पिंजऱ्यात. मधून फक्त हवा जाईल अशी सोय. मग ५, २० आणि ३० अंशांना वेगवेगळ्या आर्द्रतेत बघितलं की निरोगी प्राण्याला फ्लू होतो का. म्हणजे 'विषाणू टिकला का' हा प्रश्न न विचारता 'लागण झाली का' हाच विचारला. ५ अंशांना लागण सर्वांत सहज झाली, ३० अंशांना हवेतून झालीच नाही.

इथे थांबले असते तर आपले उन्हाळावादी खूश झाले असते. पण त्यांनी पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, ३० अंशांनाच आजारी आणि निरोगी प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवले. लागण झाली. पेपरच्या शीर्षकातच ते सांगून टाकलंय: उच्च तापमान हवेतला प्रसार रोखतं, संपर्कातला नाही. आपल्याच ठळक निष्कर्षाची मर्यादा स्वतः शोधून शीर्षकात लिहायला धमक लागते. हे शिकण्यासारखं आहे.

त्याच कामातून अजून एक गोष्ट पुढे आली. ५ अंशांना ठेवलेले प्राणी विषाणू जास्त काळ बाहेर टाकत होते. म्हणजे तापमानाचा परिणाम बाहेरच्या विषाणूवरच होतो असं नाही, यजमानावरही होतो. येल विद्यापीठाच्या एलन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांच्या २०१५ च्या पेपरमध्ये हेच वेगळ्या बाजूने आहे: सर्दीचा र्‍हायनोव्हायरस ३७ पेक्षा ३३ अंशांना, म्हणजे नाकाच्या आतल्या तापमानाला चांगला वाढतो, कारण त्या तापमानाला उंदराच्या श्वसनमार्गातल्या पेशींची पहिली संरक्षणफळी ढिली पडते.

आणि विषाणूच्या अंगालाही तापमान लागतंच. फ्लू आणि कोरोना या दोघांना बाहेरून मेदाचं आवरण असतं. २००८ मध्ये पोलोझोव्ह आणि सहकाऱ्यांनी फ्लूच्या आवरणाबद्दल दाखवलं की थंडीत त्यातले मेदरेणू घट्ट, शिस्तीत बसतात आणि ऊब मिळाली की सैल होतात. बदलापूरला डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ना, साधारण तशीच गोष्ट. थिजलेलं आवरण बाहेरच्या प्रवासात टिकतं, शरीरात शिरल्यावर वितळतं. सुंदर कल्पना आहे. पण ती 'टिकण्या'ची यंत्रणा सांगते. साथीचं वेळापत्रक सांगत नाही.

मग पावसाळ्यात फ्लू का?

'थंडी म्हणजे फ्लू' हे आपण युरोप-अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांतून उचललेलं आहे. आपल्या दवाखान्यांतली गर्दी काय सांगते? जुलै-ऑगस्ट. मनदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा 'प्लॉस वन'मधला पेपर वाचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पुढाकाराने झालेलं काम. देशातल्या अनेक केंद्रांवरच्या नोंदी बघून त्यांनी दाखवलं की श्रीनगरला फ्लूचा जोर हिवाळ्यात, पण पुणे, दिल्ली, कोलकाता अशा ठिकाणी पावसाळ्याच्या महिन्यांत. म्हणून लसही श्रीनगर सोडून बहुतेक ठिकाणी पावसाळ्याआधी द्यावी, असं ते म्हणतात. हा प्रश्न फक्त पेपरपुरता नाही. लस कुठल्या महिन्यात टोचायची हे त्यावर ठरतं. थंडीचं गणित आंधळेपणाने उचललं तर आपण ऑक्टोबरात लस घेऊ, साथ येऊन गेल्यावर.

आता सिद्धांताला इथे उभं करू. शेमन आणि कोन यांनी २००९ मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. सापेक्ष आर्द्रतेने फ्लूच्या टिकण्यातला ३६ टक्के फरक समजावला जात होता. निरपेक्ष आर्द्रता, म्हणजे एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे ते घेतलं, तर ९० टक्के. प्रसारातला फरक मात्र ५० टक्केच. ९० आणि ५० मधली ही दरी लक्षात ठेवा. टिकणं आणि पसरणं यांच्यात किती अंतर आहे, ते त्यांच्याच आकड्यांत दिसतं.

त्यांच्या म्हणण्यानुसार बाष्प कमी तर विषाणूचा टिकाव जास्त. बदलापूरचं गणित तक्त्यावरून करून बघा. हिवाळी पहाट, १४ अंश, ८० टक्के: साधारण १० ग्रॅम प्रति घनमीटर. मे महिन्याची दुपार, ४० अंश, ३० टक्के: साधारण १५. जुलै, २७ अंश, ९० टक्के: साधारण २३. म्हणजे फ्लूला सर्वांत वाईट दिवस जुलैत यायला हवेत. येतात उलटे. टॅमेरियस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जगभरची ठिकाणं एकत्र पाहून याला वाट काढली: एका मर्यादेखाली थंड-कोरड्या महिन्यांत फ्लू वाढतो, आणि जिथे हवा कायम उबदार-दमट असते तिथे सर्वांत पावसाच्या महिन्यांत. यंत्रणा एक नाही, निदान दोन आहेत.

आणि एक आकडा तुमच्यासाठी. २३ अंश आणि ४५ टक्के, म्हणजे एसी दुकानाची हवा: साधारण ९ ग्रॅम. मे महिन्यात बाहेर भट्टी पेटलेली असते आणि उल्हासनगरच्या कापडबाजारातल्या एसी दुकानात शिरलं की विषाणूच्या दृष्टीने तुम्ही डिसेंबरच्या बदलापुरात असता. हवामान खात्याचा थर्मामीटर सावलीत, मोकळ्या हवेत टांगलेला असतो. विषाणूची देवाणघेवाण होते ती मात्र दुकानात, डब्यात, पत्र्याच्या शेडखालच्या शिलाईच्या कारखान्यात, पावसाने खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात. शहराचं तापमान हे चल पेपरमध्ये घालायला सोपं आहे, कारण ते फुकट मिळतं. पण विषाणू त्या तापमानात राहत नाही.

एप्रिल २०२१ चा आकडा, आणि तो कसा वापरू नये

मार्च २०२० मध्ये 'उन्हाळा आला की जाईल' हे आपल्याकडे चहाच्या टपरीपासून चॅनलपर्यंत बोललं जात होतं, आणि त्याला आधार म्हणून अशाच जुन्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जात होतं. पुढे १८ एप्रिल २०२१ ला, ऐन उन्हाळ्यात, महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. आपल्या पट्ट्यातल्या ज्यांनी त्या आठवड्यांत ऑक्सिजनसाठी फोन फिरवले, त्यांना तापमानाचा आलेख दाखवायची गरज नाही.

पण सावधान. या आकड्यावरून 'उष्णतेचा काहीच परिणाम नाही' असं म्हणणं ही तीच उडी आहे, फक्त उलट्या दिशेने. तेव्हा डेल्टा हा नवा प्रकार आला होता, निर्बंध सैल झाले होते, बहुतेकांची लस बाकी होती. उन्हाळा नसता तर आकडा यापेक्षा जास्त असता का? एका वर्षाच्या एका शिखरावरून ते कळत नाही. तसंच १९१८ चं. मुंबईत इन्फ्लुएन्झा जूनमध्ये गोदीच्या भागातून शिरला आणि दुसऱ्या, खऱ्या मारक लाटेत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. म्हणजे ऐन 'ऑक्टोबर हीट'मध्ये. पण त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता आणि लोक अर्धपोटी होते. हे आकडे 'उष्णता वाचवते' हा दावा मोडायला पुरतात. 'उष्णता निरुपयोगी आहे' हा दावा उभारायला पुरत नाहीत. मोडणं आणि उभारणं यांना लागणारा पुरावा सारखा नसतो. एवढं एक वाक्य जरी इथून घेऊन गेलात तरी पुष्कळ.

निकाल

चॅन यांचा पेपर वाईट आहे का? नाही. रुग्णालयातल्या टेबलावर, लिफ्टच्या बटणावर विषाणू किती टिकतो हे कोणीतरी मोजायलाच हवं होतं, आणि त्यांनी ते प्रत्यक्ष सार्सच्या विषाणूवर मोजलं, जे करायला उच्च सुरक्षेची लॅब आणि धीर दोन्ही लागतं. स्वच्छता कशी आणि कधी करायची यासाठी तो आजही उपयोगी आहे. तो कोसळतो फक्त तिथे, जिथे तबकडीचा निष्कर्ष देशाला लावला.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तापमान आणि विषाणू असा विषय असो की दुसरा कुठला, चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी मोजतेय ते आणि मी सांगणार आहे ते, एकच आहे का? माझ्या प्रयोगातली हवा कुठल्या गावात, किती तास असते? जी उदाहरणं माझ्या बाजूने आहेत त्यांच्या शेजारची, माझ्या विरोधातली उदाहरणं मी मोजली का? आणि ज्या कारणाचा परिणाम मी सांगतेय, त्याला परिणाम करायला मुळात वेळ मिळतो का?

शेवटच्या प्रश्नासाठी एक गृहपाठ. वरचं लोकलचं गणित घ्या, दहा सेकंदांच्या जागी एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास घाला, आणि दोन्ही अर्धायुष्यांनी किती विषाणू उरतात त्याच्या दोन रेघा एकाच आलेखावर काढा. रेघा कुठे फाकायला लागतात ते बघा. त्या बिंदूच्या डावीकडे तुम्हाला खिडकी आणि मास्क लागतो. उजवीकडे उन्हाळा मदतीला येतो.